जिन्यातलं कपाट

२ जून

प्रिय भाचीबाई,

तुझं रडगाणं पोचलं. लिहायचंय पण सुचत नाही, दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून संध्याकाळी डोळे चुरचुरतात, चार वह्या आणल्या आणि चारही पहिल्या पानावरच अडकल्या. अगं, एकदम कादंबरी लिहायला निघालीस तर धाप लागणारच.

मी जन्मभर वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या मजकुराला कात्री लावली. लिहायचं कसं ते मला फारसं कळत नाही, पण काढायचं कसं ते झोपेतही सांगेन. म्हणून तुला एक आव्हान देते. छोटंसंच, तुला झेपेल असं.

एक पान लिही, एका दिवसाबद्दल. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस आणि स्वतःच्या कानांनी ऐकलंस तेवढंच त्यात यायला हवं. ऐकीव नको, मनाने रचलेलं नको. मग दर आठवड्याला त्यातून एक वस्तू नाहीतर एक माणूस काढायचं, पान स्वच्छ उतरवायचं आणि जुनं फाडायचं. मागे वळून बघायचं नाही. नव्या पानाची एक नक्कल मला पाठव, मीही वाचून फाडीन. काय काय काढलं तरी गोष्ट उभी राहते, हे तुझं तुलाच कळेल.

फोन करू नकोस. माझ्या कानांची रड तुला माहीत आहे. माझं "हॅलो, हॅलो" ऐकून शेजारी धावत येतात.

माझ्या दादाला नमस्कार. शेपटाला पाठीत एक धपाटा.

तुझी आत्या

---

९ जून

आत्या,

लिहिलं! कपाट जिन्यात अडकलं तो दिवस निवडला. तुझ्या भाच्याने, म्हणजे माझ्या धाकट्या बंधुराजांनी, मागे उभं राहून वाचलं आणि पुन्हा त्या दिवसासारखाच खिदळत बसला. लहानपणी माझ्या मागे मागे फिरायचा म्हणून तू त्याचं नाव शेपूट ठेवलंस. बस डेपोच्या भांडारात म्हणे त्याला सगळे साहेब म्हणतात. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी घरात शेपूटच, याचा त्याला भारी राग.

पान असं आहे:

"आई गेली त्या वर्षी आत्या आमच्याकडे राहायला आली. तिच्या कपड्यांसाठी बाबांनी एक जुनं कपाट आणलं, ते जिन्याच्या वळणावर अडकलं. वर आत्या. खाली बाबा, मी आणि शेपूट. तळमजल्यावरच्या काकूंचा कुत्रा कपाटावर भुंकत होता. बाबा ओरडले, 'ढकला!' आत्या वरून म्हणाली, 'कुणाला, मला?' शेपूट जो हसत सुटला तो थांबेचना. आत्याने कपाटाच्या डोक्यावरून हात घालून आम्हाला चहाचे कप दिले. मग सुतार आला. त्याने कपाटाची मागची फळी काढली आणि कपाट वर गेलं."

खरं सांग, अगदीच टाकाऊ नाही ना?

तुझी भाची

---

१४ जून

भाचीबाई,

वाचलं, हसले, पुन्हा वाचलं आणि फाडलं. टाकाऊ नाही. टिकाऊ आहे की नाही ते बघू.

आता काढायला लाग. काय काढायचं ते मी सांगणार नाही, नाहीतर ते माझं पान होईल. हात आखडता घेऊ नकोस, एवढंच सांगते.

आत्या

---

२२ जून

आत्या,

कुत्रा काढला. पान लगेच हलकं झालं.

पण मी बहुतेक तुझा नियम मोडला होता गं. काल जिन्यात काकू भेटल्या, त्यांना म्हटलं, तुमच्या कुत्र्याला मी गोष्टीतून हाकललं. त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, कुठला कुत्रा? मला केसाळ प्राणी जवळ आला तरी शिंका येतात, आमच्याकडे जन्मात कुत्रा नव्हता. शेपटाला विचारलं, तो म्हणाला, नव्हताच. बाबाही म्हणाले, नव्हताच. आणि मी आठवायला बसले तर मलाही त्याचा रंग सांगता येईना. म्हणजे मीच रचला असणार. माफ कर.

आता सुताराला काढावं म्हणते. तो आला की सगळं सुरळीत होतं आणि मजाच जाते.

तुझी भाची

---

२७ जून

भाचीबाई,

सगळे मिळून माझी फिरकी घेताय ना? कुत्रा होता. तांबडा, एक कान दुमडलेला, आणि माझी नवीकोरी चप्पल त्याने चावून पायपुसणं करून टाकली होती. काकूंचं वय झालं, पण तुमचं काय?

सुताराला काढ, बेधडक काढ. कचेरीत नव्या पोरांना मी हेच सांगायचे, सगळं नीट बांधून हातात देऊ नका, वाचणाऱ्याला थोडं अडकून राहू दे. या एका गोष्टीसाठी तुला शाबासकी.

आत्या

---

६ जुलै

आत्या,

सुतार गेला. आता पान चहाच्या कपांवर संपतं. कपाट जिन्यात, वर तू, खाली आम्ही. खरंच जास्त छान वाटतं.

हे पत्र घाईत लिहितेय, गुडघा सुजलाय. दुकानातून आले, कपाटाच्या बाजूने आडवी होऊन वर सरकत होते आणि त्याची कडी लागली. इतकी वर्षं त्या फटीतून ये-जा करतेय तरी अंदाज चुकतो म्हणजे कमाल आहे. बाबा म्हणतात, एकदा या धुडाचा सोक्षमोक्ष लावू. पण ते दर वर्षीच म्हणतात. सकाळी कपडे काढायला आम्ही तिघं जिन्यात रांगेने उभे असतो आणि शेपटाला नेमका तेव्हाच सगळ्यात तळाचा शर्ट हवा असतो.

या आठवड्यात शेपटाला काढते. पानात तो नुसता हसतो, करत काहीच नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, "काढ की. पानातूनच काढतेयस ना, जेवायला तर बोलावशील?"

तुझी भाची

---

१० जुलै

बाळ,

हे पत्र हातात पडेल तिथेच थांब. पेन्सिल खाली ठेव.

कपाट जिन्यात नाही. ते आतल्या खोलीत खिडकीशेजारी आहे. मी तुमच्याकडे होते तेवढी सगळी वर्षं त्याच्याशेजारी झोपले. त्याचं दार करकरायचं म्हणून मीच कागदाची घडी खोचली होती. तू थट्टा करत असशील तर देव तुझं भलं करो, पण तुझ्या पत्रात थट्टेचा सूर नाही. सूर मला कळतो, जन्म त्यातच गेलाय.

आधी कुत्रा गेला. मग सुतार गेला, आणि सुतार आलाच नाही म्हटल्यावर कपाट वर येणार कसं? म्हातारीला वेड लागलं म्हण हवं तर, पण शेपटाला हात लावू नकोस. आव्हान संपलं. मी हरले, तू जिंकलीस. पान आहे तसं ठेव.

जास्तीचं तिकीट लावून पाठवतेय.

आत्या

---

१५ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र येण्याआधीच पान उतरवून झालं होतं. नक्कल सोबत पाठवते. आतापर्यंत सगळ्यात चांगलं हेच जमलंय, एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटत नाही.

पण तुझं पत्र वाचून मी घाबरले. तुझी तब्येत बरी आहे ना? शेपूट कोण? तू त्याच्याबद्दल असं लिहिलंयस की जणू तो आमच्याच घरातला आहे. आत्या, मी एकुलती एक आहे. हे मी तुला सांगायचं?

इकडे बाबांचंही काहीतरी बिनसलंय. जेवायला बसताना ताटं तीन मांडतात. मग तिसऱ्याकडे बघत उभे राहतात आणि ते उचलून परत ठेवतात. विचारलं तर म्हणतात, हाताची सवय. कसली सवय? आम्ही दोघंच तर आहोत. आणि आतल्या खोलीत दुसरी खाट का आहे, ते त्यांना सांगता येत नाही. आज मी तिच्यावर बसून बघितलं. गादीला मधोमध खळगा पडलाय, माझ्यापेक्षा चांगल्या वजनदार माणसाचा.

दोघांनाही डॉक्टरकडे नेते, बाबांना आणि तुला.

तुझी भाची

---

१९ जुलै

अगं, तो तुझा भाऊ!

तुझ्या पाठीवर चार वर्षांनी झाला. तुझी आई गेली तेव्हा तुझ्या फ्रॉकचं टोक धरून तो महिनाभर हिंडत होता, अंघोळीलासुद्धा सोडेना. पुढचा दात थोडा वाकडा आहे. पालेभाजी पाहिली की त्याच्या पोटात दुखतं. दहावीत नापास झाला तेव्हा दादाला सांगायची हिंमत होईना, तूच सांगितलंस.

आठवेल तेवढं सगळं लिहून पाठवतेय, बारा-पंधरा पानं होतील. अक्षर वेडंवाकडं आलंय. मोठ्याने वाच. दादाला समोर बसवून वाच. मी "काढ" म्हटलं, "बेधडक काढ" म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. पण त्याला घरी आण गं बाळ, काहीही कर पण आण.

आत्या

---

२६ जुलै

आत्या,

वाचलं. बाबांना समोर बसवून सगळी पानं वाचली. ते ऐकत राहिले, आणि मी वाचत वाचत वाकड्या दाताशी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही कळत नाही गं, गोष्ट चांगली आहे.

पण झालं काहीच नाही. घरात कुणी आलं नाही, मला काही आठवलं नाही. रागावू नकोस, पण यातलं अर्धं तुझं ऐकीव आहे. दहावीच्या निकालाच्या वेळी तू इथे कुठे होतीस? तुझाच नियम ना, पाहिलं-ऐकलं तेवढंच?

मला तो आठवत नाही, आत्या. आणि मला खूप रडू येतंय. तू खोटं बोलत नाहीस, हेही मला माहीत आहे.

तुझी भाची

---

३० जुलै

बाळ,

तुझं बरोबर आहे. जिथून काढलं तिथेच परत लावायला हवं. त्याच दिवसात, त्याच पानावर, आणि पाहिलं-ऐकलं तेवढंच.

म्हणून त्या दिवसाचं माझं पान लिहिलंय. पण बाळ, मी वर होते. मध्ये कपाट. पलीकडचं मला काही दिसतच नव्हतं. एक शब्दही पदरचा घालायचा नाही असं ठरवून लिहिलं, म्हणून एवढंसंच झालं. ते तुझ्या हाताने तुझ्या पानाखाली उतरव.

"कपाट जिन्यात अडकलं होतं. मी वर उभी होते. कपाटाच्या पलीकडून शेपटाचं हसणं ऐकू येत होतं. ते थांबेचना."

आत्या

---

५ ऑगस्ट

आत्या,

तू सांगितलंस तसं काल दुकानातून आल्यावर उतरवलं. पेन्सिल ठेवली आणि जिन्यात कुणीतरी हसलं.

लहान पोराचं हसणं. पोट धरधरून हसतात ना, तसं. मी धावत गेले. कपाटापाशी आले तर आवाज कपाटाच्या पलीकडून. फटीतून आडवी होऊन खाली उतरले. कुणी नाही. काकूंच्या दाराला कुलूप होतं. आणि मी खाली उभी, तर आवाज माझ्या अगदी कमरेशी, इथे, हात लावावा इतक्या जवळ.

तेव्हापासून चालू आहे. थांबत नाही. आता हे लिहितानाही चालू आहे. अगं, मूल इतका वेळ कसं हसेल? श्वास कधी घेतं? काकू वर येऊन विचारून गेल्या, कुणाचं मूल सांभाळायला घेतलंत का, म्हणून. बाबा जिन्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलेत, कपाटाला पाठ लावून. ये म्हटलं तर येत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता, आणि तो बघून माझ्या अंगावर काटा येतोय.

मला सहन होत नाही. ती ओळ काढून टाकू का? एवढंच सांग, काढू का?

तुझी भाची

---

९ ऑगस्ट

खबरदार!

तो तिथेच आहे. तो वर येऊ शकत नाही, कारण कपाट अडकलेलं आहे, आणि ते अडकलंय कारण सुतार काढायला मी तुला शाबासकी दिली. सुताराला मी पाहिलं होतं बाळ, या दोन डोळ्यांनी. कपाट वर आलं तेही पाहिलं, आणि त्याच्या मागून कोण आलं तेही. काल दिवसभर आठवत बसले. जे धूसर होतं ते सोडून दिलं, लख्ख दिसलं तेवढंच घेतलं. हसण्याच्या ओळीखाली हे उतरव:

"सुतार आला. त्याने मागची फळी काढली तेव्हा कपाटातून आरपार त्याचा घामेजलेला चेहरा मला दिसला. कपाट वर आलं, माझ्यासमोरून आत गेलं. त्याच्या मागून शेपूट आला. सात वर्षांचा. केसांत भुसा, एका पायात चप्पल. दारात उभा राहिला."

यापुढचं आठवत नाही. मी बहुतेक कप उचलायला वळले. पण एवढं पुरे आहे. त्याला घरात घे, मग पुढचं पुढे. मी सामान बांधतेय, गाडीचं तिकीट मिळालं की निघतेच.

आत्या

---

१४ ऑगस्ट

आत्या,

कपाट आतल्या खोलीत आहे. खिडकीशेजारी, दारात कागदाची घडी खोचलेलं. जिना मोकळा. हसणं थांबलं.

आणि तो आला.

सात वर्षांचाच आला गं. तू लिहिलंस तसाच, केसांत भुसा, एका पायात चप्पल. दारात उभा राहिला. बाबा गुडघ्यांवर बसले तर त्यांना म्हणाला, "बाबा, तुमच्या केसांना चुना लागलाय." बाबांनी त्याला पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडले. मला त्याने ओळखलं. मी इतकी मोठी झालेली, तरी "ताई" म्हणाला आणि माझी करंगळी धरली. मला तो अजूनही आठवत नाही. पण त्याने करंगळी धरली आणि मला वाटलं, आता हे बोट कुणी तोडलं तरी मी सोडवून घेणार नाही.

पण आत्या, तो आत येईना. आत ये म्हटलं की हसायचा, पाय मात्र उंबऱ्यापुढे पडायचा नाही. बाबांनी उचलून आणायचा प्रयत्न केला, त्यांना तो हलवेना. सात वर्षांचं पोर, बाबांना हलवेना. मग माझ्या लक्षात आलं, तुझं पान दारातच संपतंय.

मी समोर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताई, भूक लागली." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी ते पानावर लिहिलं, आणि तो चालत आत आला.

तेव्हापासून असंच चाललंय. तो जे बोलतो ते मी लिहिते, आणि लिहिलं की तेवढं होतं. "पाणी दे" म्हणाला, लिहिलं, प्यायला. "भाजी नको" म्हणाला, लिहिलं, बाजूला सारली. ज्या पोरीला वर्षभरात एक पान जमत नव्हतं तिने परवापासून वही भरत आणली. आणि मी खुशीत होते, खरंच सांगते. म्हटलं, असंच रोज लिहीत जाऊ, एक-एक पान, तो वाढेल, शाळेत जाईल, डेपोत लागेल. दुकान गेलं खड्ड्यात.

मग काल दुपारी जेवल्यावर म्हणाला, "ताई, झोप आली." मी ऐकलं. मी लिहिलं. तो झोपला.

अजून झोपलाय. श्वास चालतोय, गाल गरम आहेत. हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मग घाबरून लिहिलं, "शेपूट उठला." एकदा लिहिलं, दहादा लिहिलं. तो उठला नाही, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. झोपेत तो बोलत नाही, मला ऐकायला काही नाही. आणि बघायला बसले तर तो झोपलेलाच दिसतो, आणि तेवढंच मला लिहिता येतं.

बाबा तीन ताटं मांडून बसलेत. म्हणतात, उठेल आता, भूक लागली की उठेल.

पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि लिहिल्याशिवाय तो उठत नाही. आत्या, तू गाडीत बसली असशील तर हे पत्र तुला मिळणारही नाही. पण मिळालं तर सांग गं, आता मी काय करू?

तुझी भाची